अहवालातलं ‘समतुल्य वय ४ वर्षं’ म्हणजे नेमकं काय?

सहा वर्षांच्या मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या) अहवालात ‘समतुल्य वय : ४ वर्षं’ दिसलं, की घरात एकच अर्थ लावला जातो: पोर दोन वर्षं मागे आहे. हा समज जुना आहे, आणि चुकीचा.

त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की या मुलाला चाचणीत जेवढे गुण मिळाले, साधारण तेवढेच चार वर्षांच्या मुलांना सरासरीने मिळाले होते. गुण कशातून आले, हे तो सांगत नाही. एखादं मूल मणी सफाईने ओवेल, पण कात्रीने वळण कापताना अडेल. दुसऱ्याचं नेमकं उलटं. बेरीज सारखी, हात वेगळे. शिवाय मोठ्या वयात वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे दोन-तीन गुणांनीही समतुल्य वय कित्येक महिन्यांनी घसरू शकतं.

बघायचा तो प्रमाणित गुणांक, म्हणजे समवयस्कांच्या तुलनेत मूल कुठे आहे हे सांगणारा आकडा. बऱ्याच चाचण्यांत त्याची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १५ असतं. समवयस्कांपैकी सुमारे ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. ८५ म्हणजे साधारण १६वा पर्सेंटाइल. (हे १६ टक्के मार्क नव्हेत! शंभरातली सोळाएक मुलं त्याच्या बरोबरीची किंवा मागे, इतकंच.)

आणि शर्टाची बटणं लावता येतात का, हे टेबलावरच्या चाचणीतून पुरतं कळत नाही. त्यासाठी थेरपिस्टला मूल कपडे घालताना बघावं लागतं, आईबाबांना विचारावं लागतं.