अवे रोटेशन

अमेरिकेत वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या, म्हणजे चौथ्या वर्षी विद्यार्थी दुसऱ्या संस्थेच्या रुग्णालयात जाऊन साधारण चार आठवडे काम करतो, त्याला अवे रोटेशन म्हणतात. ‘ऑडिशन रोटेशन’ हे त्याचे दुसरे नाव जास्त नेमके आहे. जिथे पुढे रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे विशेषज्ञतेचे प्रशिक्षण, करायची इच्छा असते, तिथली माणसे महिनाभर विद्यार्थ्याला पारखतात आणि विद्यार्थीही त्यांना. अर्ज बहुधा ‘व्हीएसएलओ’ या सामायिक प्रणालीतून करतात.

अवे करावे की नाही, हे आधी विषयावर ठरते. ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, ईएनटी, प्लास्टिक सर्जरी यांत जागा थोड्या आणि चुरस मोठी, म्हणून एकाहून अधिक अवे करण्याची रीतच पडली आहे. इमर्जन्सी मेडिसिनचे कारण वेगळे. तिथे ‘स्लो’ नावाचे ठरावीक नमुन्याचे मूल्यमापनपत्र लागते आणि ते मिळवायला त्या विभागात राबावे लागते. मेडिसिन, बालरोग, फॅमिली मेडिसिन यांत सहसा गरज पडत नाही. एखाद्या विशिष्ट शहरातच राहायचे असेल तर गोष्ट निराळी. ज्याच्या कॉलेजात आपल्या विषयाची रेसिडेन्सीच नाही, त्याला मात्र बाहेर पडावेच लागते.

2020 मध्ये कोविडमुळे अवे जवळजवळ थांबली. ती परतली तेव्हा त्यांचे वजन वाढले होते, कारण 26 जानेवारी 2022 पासून यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा (स्टेप 1) निकाल फक्त पास-नापास असा लागू लागला आणि मुलाखतीही बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनच राहिल्या. माणूस प्रत्यक्ष दिसतो तो इथेच.

आणि तो फार जवळून दिसतो. सर्जरीच्या अवेवर पहाटे रेसिडेंटच्या आधी वॉर्डात पोचायचे, रात्रीचा ताप आणि जखमेतल्या नळीतून (ड्रेन) आलेल्या द्रवाचे प्रमाण टिपून ठेवायचे, राउंडला ड्रेसिंगची कात्री आणि टेप खिशात तयार ठेवायचे. गॉज कुठल्या कप्प्यात असते हे नव्या जागी पहिल्याच दिवशी शोधून ठेवणारा विद्यार्थी लक्षात राहतो. नर्सशी तुसडेपणाने बोललेला त्याहून जास्त लक्षात राहतो. इथेच खरा धोका आहे. ज्या विभागाने कागदावरचे गुण पाहून मुलाखतीला बोलावले असते, तोच विभाग महिना वाईट गेल्यावर नाव उमेदवारांच्या पसंतीच्या यादीत खाली ढकलू शकतो. केवळ संस्थेच्या मोठ्या नावासाठी अवे घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

खर्चाचा भार सगळा विद्यार्थ्यावर. आपल्या कॉलेजची फी चालूच असते. वर अर्जाचे शुल्क, प्रवास आणि दुसऱ्या शहरातले महिन्याचे भाडे. पगार शून्य. कर्ज काढून शिकणाऱ्यासाठी दुसरे-तिसरे अवे ही चैन ठरते, आणि ज्या निवडीत याला इतके महत्त्व आहे ती निवड तेवढी अन्यायकारक होते. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरात जातात, त्यामुळे शिफारसपत्र हवे असेल तर उन्हाळ्यातलेच महिने उपयोगाचे.

महाराष्ट्रात पीजीची जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते. टाका कसा घातला हे त्या परीक्षेत कोणी पाहत नाही. म्हणून अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या इथल्या एमबीबीएसच्या मुलांना या प्रथेचे महत्त्व अनेकदा उशिरा कळते. रुग्णाला हात लावून काम करण्याची इलेक्टिव्हे, म्हणजे ऐच्छिक रोटेशने, अमेरिकेत सहसा विद्यार्थिदशेतच मिळतात. पदवी हाती पडल्यावर बहुतेक ठिकाणी उरते ती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे बाजूला उभे राहून नुसते पाहणे.