शारीरिक शिक्षण, प्राथमिक शाळेतील (महाराष्ट्र)

पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेत मिळणारे व्यायाम, कवायत आणि खेळांचे शिक्षण. वेळापत्रकात 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' असे लिहिलेले असले, तरी मुले, पालक आणि शिक्षकही त्याला 'पीटीचा तास' म्हणतात. माध्यमिक शाळेत पीटीचे सर वेगळे असतात, गळ्यात शिट्टी असते, त्यांचा दराराही वेगळा असतो. प्राथमिक शाळेत गणित शिकवणारे गुरुजी किंवा मराठी शिकवणाऱ्या बाईच मुलांना घेऊन मैदानावर येतात. महाराष्ट्रात हा विषय जसा घडला तसा का घडला, याचे निम्मे उत्तर यातच आहे. ज्याला साहित्य लागत नाही आणि तज्ज्ञ लागत नाही, तेच इथे टिकले.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे शाळेला मैदान हवे आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य हवे. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांनाच मिळतो, तोही पट शंभरच्या वर असेल तर. खालच्या वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. अशा द्विशिक्षकी शाळेत एक जण मैदानावर गेला की उरलेल्या सगळ्या इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. साहित्यासाठी २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. त्यातून चेंडू, रिंगा, उड्या मारायच्या दोऱ्या येतात. साठा नोंदवहीत त्यांची नोंद होते आणि वस्तू हरवली तर जाब द्यावा लागेल या धास्तीने पुष्कळदा त्या कपाटातच राहतात.

दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होईपर्यंत रांगा सरळ ठेवणे हाच बहुतेक मुलांचा कवायतीचा पहिला धडा. शाळेतली ही कवायत इंग्रजी अमलातल्या लष्करी ड्रिलमधून आलेली. गंमत अशी, की मराठी शाळेतही हुकूम हिंदीतच सुटतात: 'सावधान', 'विश्राम', 'दहिने मूड', 'पीछे मूड', 'कदमताल'. पहिलीतल्या मुलाला 'दहिने' म्हणजे काय ते ठाऊक नसते. ते शेजारच्याकडे पाहून वळते आणि शेजारचा चुकला की अर्धी रांग चुकते. मग बाई सांगतात, 'जेवायचा हात कुठला? त्या बाजूला वळायचं.' डावखुऱ्या मुलाची इथे हमखास फसगत होते. पुढच्या वर्गांत डंबेल्स, घुंगूरकाठी आणि लेझीम येतात. लेझीम मुळात तालमीतले साधन, धनुष्याच्या आकाराचे आणि वजनदार. 'लेजम' हा शब्द फारसी. शाळेत आले तेव्हा ते हलके झाले: लाकडी मूठ, साखळी आणि तिच्यात खुळखुळणाऱ्या चकत्या. हलगीच्या ठेक्यावर पन्नास मुलांचे लेझीम एकदम वाजले, तर पंधरा ऑगस्टला अख्खे गाव शाळेच्या आवारात जमते. ज्या मुलाला वाचन जड जाते त्याला इथे पहिल्या रांगेत जागा मिळू शकते, हा लेझमीचा मोठा गुण.

सूर्यनमस्काराची शाळेतली परंपरा आताच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाकडे जाते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले आणि आयुष्यभर त्यांचा प्रचार केला. रथसप्तमीला आजही अनेक शाळांत सामूहिक सूर्यनमस्कार होतात. देशी खेळांना नियमांत बसवण्याचे कामही याच सुमारास चालले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम केले, त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. १९३० च्या दशकात मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्याकडे होते. शिक्षक घडवणे हे त्या पिढीने मनावर घेतले. पण प्रशिक्षित शिक्षक पुढे हायस्कुलांकडे गेले, गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत ते क्वचितच पोहोचले.

प्राथमिक शाळेचा खरा खेळ लंगडी. पांढऱ्या फक्कीने, फक्की नसेल तर पायाने किंवा काठीने, मातीत चौकोन आखला की काम झाले. एका गटाची मुले चौकोनात पळतात आणि दुसऱ्या गटातले एक मूल एका पायावर उड्या मारत त्यांना शिवते. दुसरा पाय टेकला की पकडणारा बाद, रेषेबाहेर गेला तर पळणारा बाद. पकडणाऱ्याला एकच पाय असल्यामुळे पळणारा आपोआप वरचढ ठरतो, म्हणून वर्गातले सर्वांत सावकाश पळणारे मूलही बराच वेळ मैदानात राहते. एका पायावर तोल सावरून उडी मारणे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमू लागते. पहिलीतल्या मुलाच्या अंगात ते नुकते आलेले असते, त्यामुळे हा खेळ त्याच्या वयाला नेमका बसतो. मात्र बहुतेक मुले एकाच पायावर लंगडी घालतात, आणि पाय बदलून खेळायला लावणारा शिक्षक फारसा दिसत नाही. हे सहज करता येण्यासारखे आहे.

खो-खो तिसरी-चौथीच्या आत जमत नाही. पळायला सगळ्यांना येते, अडते ते बसण्यात. आठ जणांनी एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसायचे, पाठीवर थाप आणि 'खो' असा शब्द मिळाल्याशिवाय उठायचे नाही, उठल्यावर उलट फिरायचे नाही. लहान मुले थाप पडण्याआधीच उठतात, सामना तिथेच मोडतो. तरीही ज्या शाळांनी तो चिकाटीने शिकवला, त्या भागांतून खेळाडू निघाले. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा विजेत्या भारतीय पुरुष आणि महिला संघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे होते.

अभ्यासक्रमात हा विषय कला आणि कार्यानुभव यांच्याबरोबर बांधला आहे. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात तिन्ही एकत्र येतात. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात त्याला लेखी परीक्षा नाही, आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनावरून श्रेणी मिळते. शिक्षकाने निरीक्षण करून वर्णनात्मक नोंद लिहावी, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात 'खेळात उत्साहाने भाग घेतो' हे वाक्य चाळीसपैकी तीस मुलांच्या नावापुढे सापडते. चेंडू छातीशी कवटाळून झेलणारे मूल आणि दोन्ही तळव्यांत झेलणारे मूल यांतला फरक त्या नोंदवहीत उमटत नाही.

ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. कोकणात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे लाल चिखल. तेव्हा 'तळ्यात-मळ्यात', 'मामाचं पत्र हरवलं' हे व्हरांड्यात भागवायचे. विदर्भात मार्चनंतर सकाळची शाळा सुरू होते आणि नऊ वाजता ऊन डोक्यावर येते. मुंबईतल्या कित्येक शाळांना मैदानच नाही, तिथे गच्ची किंवा जवळचे पालिकेचे मैदान. उरतात ते हिवाळ्याचे तीन महिने, आणि जिल्हा परिषदेच्या क्रीडा स्पर्धा त्यातच येतात: आधी केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट), मग बीट (अशा काही केंद्रांचा गट), तालुका, जिल्हा. स्पर्धा तोंडावर आल्या की निवडलेली मुले रोज सरावाला, बाकीची टाळ्या वाजवायला. राज्याच्या शालेय स्पर्धांत सर्वांत खालचा गट चौदा वर्षांखालील असल्याने दहा वर्षांच्या मुलाला तिथे फारसे स्थान नसते.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते. शाळेची एक तासिका अर्ध्या-पाऊण तासाची, रोज नसते, आणि घटक चाचणी जवळ आली की तीही गणिताकडे जाते. त्यातून रांग लावण्यात, हजेरीत आणि गट पाडण्यात दहा मिनिटे संपतात. भर पडते ती मधल्या सुट्टीत. खिचडीचे ताट धुऊन ठेवले की घंटा होईपर्यंत शिवाशिवी चालते. तिला शिट्टी नसते, नोंद नसते, आणि राज्य कुणावर यावरचे भांडण मुले आपसांतच मिटवतात.