फोन बंद, पेटीत, आणि वेळेवर परत

आठवीचा गणिताचा तास. फळ्यावर प्रश्न आहे: अशा दोन संख्या शोधा, ज्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १२. पोरगं मनात जोड्या लावतंय. एक-बारा, बेरीज तेरा, नको. दोन-सहा, बेरीज आठ, नको. आता तीन-चारवर यायचं, तेवढ्यात दप्तरात फोन गुरगुरतो. त्यानं तो काढला नाही, बघितलाही नाही. पण ‘कुणाचा असेल?’ हे डोक्यात आलं आणि कुठल्या जोडीपर्यंत पोचलो होतो तेच निसटलं. पुन्हा एक-बारापासून सुरुवात. तोवर सर पुढच्या उदाहरणावर.

ज्या जागेतून ते निसटलं तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. हाताशी लागणाऱ्या गोष्टी घडीभर धरून ठेवायची ही मेंदूतली जागा फार छोटी आहे; मोठ्या माणसाच्याही तिथं एका वेळी चारेक गोष्टीच मावतात. चालू जोडी, तिची बेरीज, तिचा गुणाकार आणि आधी काय तपासून झालं, एवढ्यातच ती भरली. पाचवी गोष्ट आत आली की आधीची एखादी बाहेर पडते. ‘तिकडे लक्ष देऊ नकोस’ हा हुकूम देणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे तेराव्या वर्षी हे जड जाणारच. त्याला बेशिस्त म्हणण्यात अर्थ नाही.

फोनला हात न लावताही चूक होते, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मोजून दाखवलं. प्रयोग साधा होता. पडद्यावर १ ते ९ मधले आकडे भराभर येतात, प्रत्येक आकड्याला बटण दाबायचं, फक्त ३ आला की हात आवरायचा. मध्येच काही जणांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज धाडले. फोन कुणी उचलला नाही, तरी चुका वाढल्या. वाढही अशी, की प्रत्यक्ष फोन वापरताना होणाऱ्या चुकांच्या आसपास जाणारी. म्हणजे ‘सायलेंटवर ठेव आणि दप्तरात टाक’ या नियमात मुळातच भोक आहे. सायलेंटवरचा फोन बहुधा थरथरतो, आणि लाकडी बाकाच्या कप्प्यातली थरथर शेजारच्या तिघांना ऐकू जाते. शिवाय बहुतेक फोनवर सायलेंटमध्येही अलार्म वाजतोच. “सर, फक्त अलार्म होता” हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं.

पुढची पायरी २०१७ मधली. टेक्सासमधल्या एका अभ्यासात फोन बेंचवर उलटा, खिशात किंवा पिशवीत आणि दुसऱ्या खोलीत, अशा तीन जागी ठेवून लोकांची कार्यकारी स्मृतीची आणि तर्काची चाचणी घेतली. आवाज, थरथर सगळं बंद. फोन जितका लांब, तितकी कामगिरी चांगली. या अभ्यासाचा गाजावाजा खूप झाला. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा दर वेळी तोच निकाल आला नाही. नुसत्या अस्तित्वाचा परिणाम असलाच तर छोटा आहे, असं धरून चालावं. वाजणाऱ्या, थरथरणाऱ्या फोनचा परिणाम मात्र पक्का आहे.

मग शाळेतल्या फोनबंदीनं गुण वाढतात का? इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीनंतर सोळा वर्षांच्या मुलांचे परीक्षेतले गुण प्रमाण विचलनाच्या ६.४ टक्क्यांनी वाढले, अभ्यासात मागे असलेल्यांचे १४ टक्क्यांनी, हुशार मुलांना काहीच फरक नाही. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत त्याचं माप. ते १५ गुण धरलं, तर सरासरी वाढ साधारण एका गुणाची, मागच्या बाकावरच्यांची दोन गुणांची. स्वीडनमध्ये २०२० साली तसाच हिशेब मांडला, तर वाढ दिसली नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ३० शाळांतली १,२२७ मुलं तपासली. कडक नियमाच्या आणि सैल नियमाच्या शाळांत मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक नव्हता, कारण दिवसभरातला एकूण फोन-वेळ फारसा बदलतच नव्हता. शाळेत वाचलेली मिनिटं घरी वसूल होत होती.

तेव्हा शाळेनं फोन काढून घेतला की पोरगं सुधारलं, असं कुणी सांगत असेल तर तो फार वाढवून सांगतोय. तासाला लक्ष टिकतं, मागे पडलेल्याला थोडा हात मिळतो, मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर दिसतात. एवढ्यासाठीही नियम करण्यासारखा आहे, पण त्याचा खर्च आणि तमाशा फायद्यापेक्षा मोठा होऊ नये. कोल्हापूरच्या गंगावेशीच्या तालमीत पैलवान लाल मातीत उतरताना लंगोट सोडून अंगावर काही ठेवत नाही. त्याला कुणी बंदी म्हणत नाही. शाळेचा नियम तितका सहज व्हायला हवा.

‘शाळेत फोन आणायचाच नाही’ हा कागदावरचा सर्वात सोपा नियम, आणि कोल्हापुरात तो पहिल्या आठवड्यातच मोडतो. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडून एसटीनं येणाऱ्या मुलामुलींच्या घरच्यांना प्रवासात फोन हवाच असतो. मग फोन येतो, पण लपून येतो. सॉक्समध्ये, डब्याच्या पिशवीत, कंपासपेटीत. लपवलेला फोन चालू असतो, म्हणजे सगळ्यात वाईट अवस्थेतला. २०२५ च्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयानंही सरसकट बंदी नको, वापरावर नियंत्रण ठेवा, शक्य तिथं फोन जमा करून घ्या, आणि नियम पालकांना विचारून करा, अशीच दिशा दिली.

जमा करायचं ठरलं की बहुतेक शाळा एकच चूक करतात: फाटकावर टेबल टाकतात. हिशेब करा. हजार मुलांच्या शाळेत ३०० फोन आले, एका फोनला नाव विचारून, चिठ्ठी लावून आठ सेकंद लागले, तर २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं. प्रार्थना संपली तरी रांग संपत नाही. तेच काम १८ तुकड्यांत वाटलं की एका वर्गात सतरा फोन आणि सव्वादोन मिनिटं. हजेरी घेताना उरकतं.

वर्गासाठी सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यावी. ४० खाने, वीस-वीसच्या दोन ओळी. प्रत्येक खाना ९ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर खोल. फोन आत उभा राहतो, वर चारेक सेंटिमीटर दिसतो, त्यामुळे मोजणी नजरेनं होते. पेटी साधारण ५० सेंटिमीटर लांब भरते. वरचं झाकण किमान ६ सेंटिमीटर उंच हवं, नाहीतर ते फोनवर टेकतं आणि पहिल्या महिन्यात कुणाचा तरी डिस्प्ले जातो. तळाला फोमची पट्टी. खान्यावर रोल नंबर रंगवलेले. चिकटपट्टीवरचे नंबर कोल्हापूरच्या जुलैत टिकत नाहीत. पटावर चाळीसहून जास्त मुलं असतील, तर फोन आणणाऱ्यांनाच नंबर द्यावेत. एक फोन सरासरी २०० ग्रॅमचा, तीस फोन म्हणजे सहा किलो, वर पेटीचं वजन. तेव्हा दोन्ही बाजूंना कडी हवी आणि उचलायला दोघं.

पत्र्याची पेटी मजबूत, पण तिच्यात चालू फोन ठेवू नये. धातूच्या पेटीत रेडिओ लहरी अडतात, झाकणाच्या फटीतून थोड्या शिरतात. अर्धवट सिग्नल मिळाला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, सिग्नल गेला की पुन्हा पुन्हा शोधत बसतो. संध्याकाळी बॅटरी उतरलेली, आणि ज्या प्रवासासाठी घरच्यांनी फोन दिला तेव्हाच तो बंद. पोरं याचा दोष पेटीला देतात, आणि त्यात तथ्य आहे.

म्हणून फोन पूर्ण बंद करायचा, आणि तोही पेटीपाशी, शिक्षकांच्या समोर. यात दुसरा फायदा लपलाय. दर शाळेत दोन महिन्यांत एक युक्ती निघते: घरातला मेलेला जुना फोन खान्यात टाकायचा आणि खरा खिशात ठेवायचा. उजळलेला पडदा समोर विझताना दिसला की हा प्रकार बराचसा थांबतो. चालू फोन दप्तरात दाबला गेला की पॉवर बटण लागोपाठ दाबलं जाऊन ११२ ला कॉल जाण्याचा प्रकारही बंद फोनमुळे टळतो. बटणांचे काही साधे फोन मात्र बंद असतानाही अलार्मला जागे होतात. ते असतील तर अलार्मच काढून टाकायला सांगावं.

फुगलेल्या बॅटरीचा फोन पेटीत घेऊ नये. ओळख सोपी आहे: मागचं कव्हर उचललेलं असतं, आणि सपाट टेबलावर ठेवून टिचकी मारली तर फोन भोवऱ्यासारखा फिरतो. तो दाबून बसवायचा नाही, चार्ज करायचा नाही, पालकांना कळवून त्याच दिवशी घरी. पेटीत किंवा कपाटात चार्जिंगची सोय तर अजिबात नको. पावसाळ्यात फोन आधी पुसून मगच खान्यात. त्यासाठी पेटीशेजारी एक जुना पंचा पुरतो.

घेणं सोपं, देणं अवघड. नियम खरा फसतो तो शेवटच्या तासाला. वर्गशिक्षक रजेवर, बदलीच्या शिक्षकांकडे किल्ली नाही, शिपाई मामा बँकेत गेलेले, आणि वीस मुलांची एसटी सुटते. असं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत पालक, आणि तिसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा सॉक्समध्ये. किल्ल्या दोन, एक ऑफिसात खिळ्याला, हे लेखी ठरवावं. घंटा झाल्यावर लांबच्या गाड्यांची मुलं आधी, मग ओळीनं. प्रत्येकानं आपल्या नंबरचा फोन उचलायचा आणि मॉनिटरनं वहीत खूण करायची. अर्ध्या दिवसानं घरी जाणाऱ्याचा फोनही याच वहीतून जातो.

पकडलेल्या फोनचं काय? दिल्लीच्या त्याच न्यायालयानं ठरावीक मुदतीची जप्ती शिस्तीचा भाग म्हणून मान्य केलीय, पण मुदत आखूड ठेवावी. दप्तरातला फोन पुष्कळदा आईचा किंवा आजोबांचा असतो, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आठवडाभर जप्त म्हणजे शिक्षा पोराला कमी आणि घराला जास्त. पहिल्या वेळी संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या वेळी पालकांच्या हाती, एवढं पुरे. फोन पाकिटात घालून त्यावर नाव, तारीख, वेळ आणि काच आधीच तडकलेली आहे का, हे लिहून मुलाची सही घ्यावी. फोन उघडून आतलं काही बघायचं नाही. आक्षेपार्ह फोटोची तक्रार असेल, तर तो फोटो ‘पुरावा म्हणून’ हेडसरांना व्हॉट्सॲप करणं हाही गुन्हा ठरू शकतो. फोन बंद करून पाकिटात, मुख्याध्यापकांना तोंडी माहिती, आणि पुढे कायद्याप्रमाणे पोलिसांकडे. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

जॅमर बसवायचा सल्ला अधूनमधून कुणीतरी देतो. सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर बेकायदा आहे, शिवाय त्याच्या लहरी शाळेच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. शेजारच्या दवाखान्याचे फोनही मरतात.

अपवाद थोडे, पण लिहून ठेवलेले असावेत. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल, तर त्याचे आकडे पुष्कळदा फोनवरच दिसतात. तो फोन त्याच्याजवळच राहील. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा वाचून दाखवणारा फोनही तसाच. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड उघडायला शिक्षकांचा एक फोन वर्गाला पुरतो.

शिक्षकांच्या फोनबद्दल बोलणं पोरांना फार आवडतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद राहतात. ते चाललं, कारण भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. तासाला जाताना शिक्षकांचा फोन स्टाफरूममध्ये राहिला तर नियमाबद्दलचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

शाळेचं स्वतःचं एक ढोंगही आहे. सकाळी ‘मोबाईल वाईट’ म्हणायचं आणि रात्री आठला गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती, त्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. गृहपाठ बघायला उघडलेला फोन गृहपाठावर थांबत नाही. गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा, वहीत उतरवून घ्यावा.

पालकांचा शेवटचा प्रश्न नेहमी पंचगंगेच्या पुराचा असतो (फोन पेटीत, मग पोराला गाठायचं कसं?), आणि २०१९ व २०२१ चा महापूर पाहिलेल्या शहरात तो असणारच. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी चढायला लागलं की केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता बंद होण्याची भीती. अशा वेळी तीनशे फोन एकदम चालू केले तर तीनशे अफवा वर्गात येतात आणि शिक्षकांची सूचना कुणाला ऐकू जात नाही. ऑफिसचा एक नंबर हवा, जो उचलला जातो. पालकसभेआधी तीन वेगवेगळ्या दिवशी साडेअकराला बाहेरून फोन लावून बघावा, किती वेळा उचलला जातो ते कळेल. ३९ फुटांना काय करायचं, कोणत्या गावची मुलं आधी सोडायची, त्यांच्या घरी फोन कोण करणार, ही यादी जूनमध्येच तयार असावी. आणि पालकांचा व्हॉट्सॲप गट पावसाळ्यात एकाच कामाला ठेवावा: आज शाळा भरणार की नाही. तेही पहाटे सहाच्या आत, कारण लांबच्या गावची पोरं साडेसहालाच एसटीच्या थांब्यावर भिजत उभी असतात.