मोडशी ते रेबीज: गोव्यातील शाळा आणि रोगप्रतिबंधाचे शिक्षण

पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, गोव्यात पूर्वी मोडशी म्हणत. 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाचे वर्णन केले आहे आणि पोर्तुगीजांच्या तोंडी रुळलेला ‘मोर्देशी’ हा शब्द येथील बोलीतूनच गेला. साथींनी जुने गोवे ओस पडत गेले आणि 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. आदल्याच वर्षी पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू झाले होते. तरी पटकी कशाने होते हे कोणालाच ठाऊक नसल्याने मुलांना शिकवण्याजोगे फारसे काही नव्हते. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढला तो 1884 मध्ये.

गोवामुक्तीनंतर बांदोडकर सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा कुठे आरोग्याचा धडा सामान्य घरातल्या मुलापर्यंत पोहोचण्याची वाट खुली झाली. 1986 पासून पणजीत हिवतापाने डोके वर काढले. बांधकामांवर साठवलेल्या पाण्यात आणि उघड्या टाक्यांत डास वाढत होते, त्यामुळे शाळेच्या छतावरील टाकीचे झाकण घट्ट बसले आहे का, हे पाहणारा शिपाई शिक्षकाइतकाच महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत मात्र त्याला क्वचितच बोलावले जाते आणि माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या बायकांनाही, ही उणीव मला फार खटकते.

रेबीजच्या बाबतीत चित्र वेगळे दिसले. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाला शाळांतील शिक्षणाची जोड दिली. खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला डिवचू नये, तो अंगावर आला तर न पळता स्तब्ध उभे राहावे, चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच लस घ्यावी, इतक्या नेमक्या शब्दांत ते सांगितले जाते. पंधरा मिनिटे म्हणजे पाव तास नळाखाली हात धरून ठेवणे. लहान मुलाला ते एकट्याने जमत नाही, म्हणून जवळच्या मोठ्या माणसालाही ते ठाऊक असावे लागते. 2021 मध्ये सरकारने गोवा रेबीजमुक्त झाल्याचे जाहीर केले, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती. पण कुत्र्यांची नवी पिल्ले दरवर्षी जन्मतात आणि पहिलीच्या वर्गातही दर जूनमध्ये नवी मुले येतात, त्यामुळे लस आणि धडा दोन्ही दरवर्षी नव्याने द्यावे लागतात.