पहिल्यांदा गल्फला जाताना सहार विमानतळावर कुठे अडवतात

खेड, दापोली, मंडणगडकडची पोरं मुंबईच्या टर्मिनल २ वरून परत पाठवली जातात, त्यामागे अनेकदा पासपोर्टवरचा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) हा शेरा असतो. तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडून बघा. असा शेरा नसेल तर तुम्ही नॉन-ईसीआर, ही अडचण तुमची नाही.

शेरा असेल, तर नोकरीसाठी सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती अशा १८ देशांत जाण्याआधी सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जाण्याची परवानगी, लागतो. खरं तर दहावी पास झालेल्याला हा शेरा नकोच. पण पासपोर्टच्या अर्जाला दाखला जोडला नाही की तो बसतो. खिडकीवरच्या माणसाने “दहावी झालीय का?” एवढं विचारलं तर कितीजणांचे हेलपाटे वाचतील!

आता पासपोर्ट री-इश्यूला टाका, फी १,५०० रुपये, सोबत बोर्डाचं प्रमाणपत्र. गाडी अडते ती इथेच, कारण प्रमाणपत्र घरात सापडत नाही. दुसरी प्रत शाळेमार्फत बोर्डाकडून मिळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या बॅचचं रेकॉर्ड कोल्हापूर विभागाचं आहे, कोकण मंडळ नंतर झालं. त्यामुळे आधी शाळेत विचारा आणि हाताशी भरपूर दिवस ठेवा.

दहावी झालेली नाही? मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून रीतसर क्लिअरन्स घ्या. करारपत्र, नोकरीचा व्हिसा आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा लागतो. एजंटचा परवानाही तिथेच तपासता येतो. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. “व्हिजिट व्हिसावर जा, नोकरीचं तिकडे बघू” म्हणणाऱ्याच्या नादी कृपा करून लागू नका. काउंटरवर अडवलं की तिकिटाचे पैसे बुडतात आणि तो फोन उचलत नाही.

तिकिटाची तारीख नीट वाचा. १५ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर हजर. पावसात कोकण रेल्वेचा भरवसा नसतो, आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

आईने बांधून दिलेलं सुकं खोबरं बॅगेतून काढतात, ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. खसखस मात्र चिमूटभरही नेऊ नका. अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात आणि त्यासाठी थेट अटक होते. निघण्याआधी मसाल्याच्या पुड्या एकदा स्वतः उघडून बघा.