आरसीयू : कर्नलमधील लिंक्ड लिस्टचे लॉकविना वाचन

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि लिंक्ड लिस्ट म्हणजे जिचा प्रत्येक नोड (घटक) पुढच्या नोडचा पत्ता पॉइंटरमध्ये ठेवतो अशी यादी. कर्नलमधली एकच लिंक्ड लिस्ट अनेक प्रोसेसर एकाच वेळी वाचत असताना, वाचकांना क्षणभरही न थांबवता तिच्यात नवा नोड घालता यावा किंवा जुना काढता यावा, यासाठी वापरली जाणारी पद्धत म्हणजे 'रीड-कॉपी-अपडेट', संक्षेपाने आरसीयू. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी ती १९९० च्या दशकात सीक्वेंट कंपनीच्या डायनिक्स/पीटीएक्स या युनिक्स प्रणालीसाठी घडवली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली. तिचे बीज मात्र जुने आहे. कुंग आणि लेहमन यांनी १९८० मध्येच सर्च ट्रीमधून काढलेला नोड तत्काळ नष्ट न करता तो गार्बेज कलेक्टरवर, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेवर, सोपवण्याचा मार्ग मांडला होता. कर्नलला असा कलेक्टर नसतो, म्हणून मेमरी केव्हा मोकळी करायची हे त्याला स्वतःच ठरवावे लागते, आणि आरसीयूचे सारे मर्म या एका निर्णयात आहे.

सामायिक माहितीपाशी एका वेळी कोणाला येऊ द्यायचे हे ठरवणारे कुलूप म्हणजे लॉक. त्यातला साधा रीडर-रायटर लॉक अनेक वाचकांना एकत्र आत घेतो खरा. पण आत शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येक वाचकाला त्या लॉकमधला आकडा बदलावा लागतो. म्हणजे जो फक्त वाचायला आला आहे, त्यालाही लिहावेच लागते. ज्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीच्या तुकड्यात) तो आकडा असतो ती मग या कोअरकडून (प्रोसेसरच्या गणन-एककाकडून) त्या कोअरकडे सतत ओढली जाते, आणि कोअर वाढत गेले तशी यादी वाचण्यापेक्षा लॉकची नोंद करणेच महाग पडू लागते.

लॉक काढून टाकल्यास नेमके काय बिघडते, हे तीन नोडच्या यादीवर दिसते. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या थांब्यांची अशी यादी समजू : सातारा, उंब्रज, कराड. उंब्रजचा नोड काढायचा आहे. साताऱ्याचा 'नेक्स्ट' पॉइंटर कराडकडे वळवला की काम झाले, असे डेटा स्ट्रक्चरच्या पहिल्या वर्गात शिकवतात, आणि एकट्या प्रोग्रॅमपुरते ते बरोबरही आहे. परंतु त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवरचा वाचक उंब्रजच्या नोडवर उभा असू शकतो. नोड तसाच राहिला तर काही बिघडत नाही, कारण त्याचा 'नेक्स्ट' अजून कराडकडेच बोट दाखवतो आणि वाचक तिथून सुखरूप पुढे जातो. नोडची मेमरी लगेच मोकळी झाली आणि ती दुसऱ्याच कामाला दिली गेली, तर मात्र वाचक जो पत्ता कराडचा म्हणून वाचतो तो कसलाही असू शकतो. म्हणून यादीतून काढणे आणि मेमरी मोकळी करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. त्यांच्यामध्ये जो काळ जाऊ द्यायचा, त्याला ग्रेस पीरियड म्हणतात. काढताना 'नेक्स्ट' तसाच ठेवून मागच्या नोडकडे नेणारा 'प्रीव्ह' पॉइंटर मुद्दाम निकामी केला जातो, त्यामुळे ही यादी वाचकाने पुढच्या दिशेनेच चालायची असते.

हा काळ किती असावा? साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने वर्षानुवर्षे खंबाटकीच्या बोगद्यातून एकाच दिशेने गेली आहेत. त्या बोगद्यात दुरुस्ती करायची झाली, तर तोंडाशी वाहतूक दुसऱ्या रस्त्याला वळवायची आणि आधीच आत शिरलेले शेवटचे वाहन बाहेर पडले की कामगारांना आत सोडायचे. वळवल्यानंतर आलेल्या वाहनांची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रेस पीरियडही नेमका एवढाच असतो : नोड काढण्यापूर्वी वाचन सुरू केलेले सगळे वाचक संपेपर्यंत.

या वाचकांची मोजणी न करता ते संपल्याचे ओळखणे, हा या रचनेतला सर्वांत सुंदर भाग आहे. ज्या कर्नलमध्ये चालू कामाकडून मध्येच प्रोसेसर काढून घेतला जात नाही, तिथे वाचकाने वाचन चालू असताना झोपायचे नाही, म्हणजे कशाची वाट पाहत प्रोसेसर सोडायचा नाही, एवढा एकच नियम असतो. मग एखाद्या प्रोसेसरवर कॉन्टेक्स्ट स्विच झाला, म्हणजे तो एक काम सोडून दुसऱ्याकडे वळला, की तिथला जुना वाचक संपलाच असला पाहिजे. सर्व प्रोसेसर अशा एकेका टप्प्यातून गेले की ग्रेस पीरियड पूर्ण होतो. अशा कर्नलमध्ये वाचनाची सुरुवात दर्शवणाऱ्या 'आरसीयू रीड लॉक' या कॉलमधून यंत्रभाषेची एकही सूचना निर्माण होत नाही. वाचन जवळजवळ फुकट पडते. नोड काढणारा 'सिंक्रोनाइझ आरसीयू' हा कॉल करून ग्रेस पीरियड संपेपर्यंत तिथेच थांबतो, किंवा 'कॉल आरसीयू'ने मोकळे करण्याचे काम पुढे सोपवून आपल्या वाटेला लागतो.

नवा नोड घालताना क्रम महत्त्वाचा असतो : आधी त्याची सगळी फील्ड भरायची, त्याचा 'नेक्स्ट' जोडायचा आणि मगच मागच्या नोडचा पॉइंटर त्याच्याकडे वळवायचा. हा क्रम कंपायलर किंवा प्रोसेसर उलटवू शकतात, म्हणून पॉइंटर ठेवताना 'आरसीयू असाइन पॉइंटर' आणि वाचताना 'आरसीयू डीरेफरन्स' वापरतात. डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरवर तर नवा पॉइंटर वाचूनही त्यामागची जुनी माहिती हाती येऊ शकत असे. नोडमधला मजकूर बदलायचा असल्यास प्रत काढून ती बदलायची आणि पूर्ण झालेली प्रत जुन्याच्या जागी बसवायची. पद्धतीच्या नावातली 'कॉपी' ती हीच. वाचकाला जुना नोड मिळेल किंवा नवा, अर्धवट कधीच नाही. लिहिणाऱ्यांना आपापसांत मात्र सहसा स्पिनलॉकसारखा (मोकळा होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारा) नेहमीचा लॉक घ्यावा लागतो.

नव्या प्रोग्रॅमरची हमखास फसगत होते ती एका नावामुळे. यादी फिरण्याच्या ज्या मॅक्रोच्या (नाव देऊन ठेवलेल्या तयार कोडच्या) नावाच्या शेवटी 'सेफ' आहे, तो फक्त फिरणाऱ्याने स्वतः हातातला नोड काढला तर सुरक्षित असतो; दुसऱ्या कोअरवरून कोणी पुढचा नोड काढला, तर त्याचा काहीच उपयोग नाही. तशीच चूक 'यादी रिकामी आहे का' हे विचारून मग पहिला नोड घेण्यात आहे, कारण या दोन पायऱ्यांमध्ये यादी रिकामी होऊ शकते. पहिला नोड किंवा नल (नोड नसल्याची खूण) एकाच वाचनात देणारा मॅक्रो वापरणे हाच योग्य मार्ग. वाचन संपल्यावरही नोड हाताशी हवा असेल, तर वाचन चालू असतानाच त्याचा रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती जण वापरत आहेत याची मोजणी, वाढवावा, आणि तो आधीच शून्य झाला असेल तर तो नोड सोडून द्यावा. काढलेला नोड ग्रेस पीरियडआधीच दुसऱ्या यादीत जोडणे तर घातक, कारण त्यावर उभा असलेला वाचक नकळत त्या यादीत जातो आणि आपल्या यादीचा शेवट शोधत तिथेच फिरत राहू शकतो.

जिथे वाचन फार आणि बदल थोडे असतात, आणि क्षणभर जुनी माहिती मिळाली तरी चालते, तिथे ही पद्धत शोभते. २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये फाइलचा पाथ शोधतानाही तिचा आधार घेतला जातो. ज्या वाचकाला मध्ये झोपावेच लागते, त्याच्यासाठी एसआरसीयू हा वेगळा प्रकार आहे. साध्या आरसीयूत एखादा वाचक अडकून पडला, तर ग्रेस पीरियड संपत नाही आणि मोकळी व्हायची मेमरी साचत जाते. मूळ सेटिंगप्रमाणे २१ सेकंदांनंतर लिनक्स कर्नल वाचक अडकलेल्या प्रोसेसरच्या क्रमांकासह लॉगमध्ये इशारा छापतो.