रिफंड अडकतो, पण तुमच्या बँकेत नाही

रिफंडचे पैसे बँक आठवडाभर दाबून ठेवते आणि व्याज खाते, हा समज जुना आहे. बँकांवर राग काढायला कारणे पुष्कळ आहेत, पण इथे बहुतेक वेळा पैसे तुमच्या बँकेपर्यंत पोचलेलेच नसतात.

कार्ड स्वाइप केल्यावर दोन सेकंदांत मिळते ती फक्त मंजुरी. दुकानदाराला रक्कम मिळते नंतर, व्यवहार एकत्र करून होणाऱ्या सेटलमेंटमध्ये. रिफंड हा उलट दिशेचा स्वतंत्र व्यवहार असतो. दुकानदार, त्याची बँक, व्हिसा किंवा रुपेसारखे नेटवर्क, मग तुमची बँक; प्रत्येक ठिकाणी पुढच्या गठ्ठ्याची वाट, मध्येच सुट्ट्या. 'रिफंड केला' असा मेसेज येतो तेव्हा कित्येकदा दुकानदाराकडून काहीच हललेले नसते.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमही सर्रास चुकीचा सांगितला जातो. पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाई मिळते ती फसलेल्या व्यवहारासाठी, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही तेव्हा. परत केलेल्या शर्टासाठी नाही.

दुकानदाराकडून एआरएन, म्हणजे रिफंड व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागा. या २३ अंकी क्रमांकावरून बँक रिफंड शोधू शकते. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर रिफंड बहुधा निघालेलाच नाही.